निकाल नव्हे, नववी पाहा

आमचा धाकटा सातवीत असताना शाळेतून चौथ्यांदा बोलावणं आलं. जागेवर बसत नाही, वह्या अपुऱ्या, उत्तरं येत असूनही पेपर अर्धा कोरा. बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण आळशी." घरी आम्हीही तेच म्हणत होतो. त्यापायी मी त्याला मारलंही होतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे अवधान न टिकण्याचं आणि अतिचंचलतेचं निदान केलं, तेव्हा मला आधी आठवला तो त्याच्या पाठीवरचा वळ.

डॉक्टरांनी समजावलं, हा आळस नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षी कमाल होते, तर या मुलांत साडेदहाव्या वर्षी. वाढ होते, पण उशिरा. लक्ष देणं आणि आखणी करणं ज्या भागाकडे असतं, तिथे हा उशीर अधिक. म्हणजे बुद्धी वयाप्रमाणे असली तरी दप्तर भरणं, वेळ सांभाळणं यांत असं मूल मागे पडतं.

त्याची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी खासगी हायस्कूल शोधायचं होतं. एका नामांकित शाळेच्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक झळकत होता. मला मोह पडला. निदान लपवून मी अर्जही आणला. फाटकाशी एका पालकांनी विचारलं, "नववीत किती मुलं गळतात, ते माहीत आहे का?" कच्च्या मुलांना तिथे नववीत थांबवत किंवा दाखला देऊन, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायला सांगत. मी अर्ज घरी आणून फाडला.

म्हणून पालकांनी पहिला प्रश्न हा विचारावा: आठवीत किती मुलं होती आणि त्यांतली किती तुमच्याच शाळेतून दहावीला बसली? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत त्या कायद्याचं छत्र उरत नाही. आपलं मूल नेमकं तिथेच अडखळण्याचा धोका असतो.

दुसरा प्रश्न, वर्गाचा पट किती? साठ मुलांत खिडकीबाहेर पाहणारा एक कुणाच्या लक्षात येणार? तिसरा, गृहपाठ फळ्यावर लिहून देतात की घंटा वाजताना तोंडी सांगतात? चौथा, शिक्षा म्हणून खेळाचा तास बंद करतात का? ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच ती हिरावली जाते. पाचवा, समुपदेशक रोज असतात की फक्त माहितीपत्रकात?

परीक्षेतल्या सवलतींचंही आधीच पाहावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. मात्र या मुलांपैकी बऱ्याच जणांना लेखन-वाचनाची अडचणही असते. तेव्हा तीही तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्रासाठी दहावीच्या फॉर्मची वेळ येईपर्यंत थांबू नये. आणि शाळेपासून काही लपवू नये. जी शाळा निदान ऐकून तोंड फिरवते, ती पुढे सांभाळून घेईल, ही आशा व्यर्थ आहे.

आम्ही निवडलेली शाळा लहान आहे, घरापासून पंधरा मिनिटांवर. निकाल शंभर टक्के नाही. भेटीला गेलो तेव्हा मुख्याध्यापिका माझ्याशी नव्हे, थेट त्याच्याशी बोलल्या, "तुझं लक्ष कुठे बसल्यावर लागतं रे?" तो म्हणाला, "खिडकीपासून लांब, बाई. पुढे." हा प्रश्न सात वर्षांत कुणी त्याला विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

आता तो नववीत आहे. कंपासपेटी अजून हरवतो. मागच्या चाचणीत गणितात नापास झाला. पण पेपर शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडवला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)