गळा अडला म्हणून स्वेटर टाकू नका

मार्गशीर्ष-पौषात नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरून पहाटवारा सुटला की लेकरांच्या अंगावर लोकर लागतेच. आमच्या गल्लीत काही घरी आयाबाया अजून हातानेच विणतात. गेल्या थंडीत एका आजींनी नातवासाठी महिनाभर खपून स्वेटर विणला. पाठ, पुढचा भाग, बाह्या सगळे मापात. पण घालायला गेले तर गळा डोक्यातून उतरेना. बाळ रडले आणि स्वेटर ट्रंकेत गेला. "एवढी लोकर वाया गेली," असे आजी म्हणाल्या, तेव्हा आम्हांला राहवले नाही.

भगिनींनो, लोकर वाया गेली नव्हती. चुकली होती ती फक्त शेवटची ओळ.

बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, वर्षाचे झाले की सुमारे ४६. मान त्याहून बारीक. म्हणून गळा मानेला बसला पाहिजे आणि डोक्यावरून ताणलाही गेला पाहिजे. एक सुलट, एक उलट अशी पट्टी ताणते. पण टाके बंद करताना टाक्यावरून टाका उतरवत गेलो की वर साखळी तयार होते. ती पट्टीइतकी ताणत नाही. त्यात हात घट्ट असला तर गळा आवळलाच म्हणून समजा.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला, सुई बदला. पट्टी १० नंबरवर विणली असेल तर टाके ८ नंबरच्या सुईने बंद करा. आपल्याकडच्या सुयांत नंबर कमी तेवढी सुई जाड, हे ध्यानात ठेवा.

दुसरा, दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा. उजव्या सुईवर आलेला टाका परत डाव्या सुईवर घ्या. तो आणि पुढचा पुन्हा एकत्र विणा. शेवटपर्यंत असेच, सैल हाताने.

तिसरा, शिवून बंद करा. अमेरिकेत ही रीत एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांच्या नावाने ओळखली जाते. पट्टीच्या लांबीच्या तिप्पट लोकर ठेवून तोडा, बोथट सुईत ओवा. सुई पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे काढा. मग फक्त पहिल्यातून डावीकडून उजवीकडे आणा आणि तो टाका सोडून द्या. ताण याला चांगला मिळतो.

खांदे जोडताना मात्र उलट हिशेब. स्वेटरचा भार खांद्यावर असतो, तिथे जोड घट्टच हवा. दोन्ही भागांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. तिसऱ्या सुईने दोन्ही सुयांवरचा एकेक टाका एकत्र विणा. दुसरी जोडी विणली की पहिला टाका तिच्यावरून उतरवा.

आजींच्या स्वेटरचे काय झाले? विणकाम बंद केलेल्या टोकाकडूनच उसवते. पट्टीची शिवण सोडली, लोकरीचे लपवलेले टोक शोधले, एक ओळ उसवली, टाके सुईवर घेतले आणि दुसऱ्या रीतीने बंद केले. एका संध्याकाळचे काम. बाळाने तो स्वेटर थंडी सरेपर्यंत घातला.

आपल्याही ट्रंकेत असा एखादा स्वेटर असेल. आज काढून बघा.