आधारचे बारा अंक : काय सांगतात, काय सांगत नाहीत

मुलांची शिष्यवृत्ती असो, रेशनचे धान्य असो की निराधारांची पेन्शन असो, खिडकीवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आधार नंबर काय?" नंबर सर्वांनाच पाठ असतो. पण तो कसा मिळतो आणि कुठे चालतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या अज्ञानाची किंमत गरिबालाच मोजावी लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वस्तीतील एका आजींची पेन्शन सात महिने अडली होती. मुलांनी गावचे जुने आडनाव टाकून नवे घेतले. आधारवर आजींचे नवे आडनाव लागले, बँकेच्या पुस्तकात मात्र जुनेच राहिले. शिवाय जन्मभर माती-विटांचे काम केल्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे मशीनवर ठसा उमटेना. बाई समोर उभी होती, पण कागदावर ती दोन निरनिराळ्या बायका झाली होती.

आधार क्रमांक देणारे प्राधिकरण २००९ साली स्थापन झाले. पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. पुढे २०१६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

नोंदणी करताना नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, छायाचित्र, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेतात. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. त्यांचे ठसे पाच वर्षांनंतर व पुन्हा पंधरा वर्षांनंतर द्यावे लागतात. आलेले ठसे आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. ही व्यक्ती पूर्वी नोंदलेली नाही अशी खात्री झाली, की संगणक एक क्रमांक देतो. एकाला दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणाला दिला जात नाही.

हे बारा अंक कोणत्याही क्रमाने लावलेले नसतात. पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर संगणकाला ते लगेच कळते. आयकराच्या पॅन नंबरचे तसे नाही. त्यातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते, आणि धारक व्यक्ती असेल तर पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. आधार क्रमांकावरून मात्र जिल्हा, वय, आडनाव, काहीही कळत नाही.

आणि हे हेतुपुरस्सर आहे. धर्म, जात, जमात, वंश, भाषा, उत्पन्न व आजारपण यांची माहिती आधारच्या नोंदीत घ्यावयाची नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. ज्या देशात नुसत्या आडनावावरून माणसाची पायरी ठरविली गेली, तेथे हा मुका क्रमांक ही लहान गोष्ट नव्हे. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जो क्रमांक जात विचारत नाही, तो जातीचा पुरावाही होऊ शकत नाही. आरक्षण व सवलतींसाठी जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र वेगळेच काढावे लागते. "आधार आहे ना, मग दाखल्याची घाई काय?" असे म्हणणाऱ्या पालकांनी मुलाचे वर्ष वाया घालवू नये.

आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, हेही कायदा सांगतो. जन्मतारखेसाठीही त्यावर विसंबू नये. वय ठरविताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटले आहे. थोडक्यात, "समोरचा माणूस तोच आहे काय?" एवढ्याच प्रश्नाचे होय किंवा नाही असे उत्तर आधार देते. हक्क मिळतो तो त्या-त्या योजनेच्या नियमाने.

सरकारी अनुदान व सवलतींसाठी आधार मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मान्य केले. पण शाळेतील प्रवेशासाठी त्याची सक्ती करता येणार नाही, असेही सांगितले. ठसा जुळला नाही एवढ्यावरून पात्र माणसाला वंचित ठेवू नये, ही भूमिकाही त्या निकालात नोंदलेली आहे. बोट चालले नाही तर बुबुळ, चेहरा किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी हे मार्ग आहेत. ते शांतपणे, पण आग्रहाने मागावेत.

वाचक बंधु-भगिनींनी आपल्या घरी एवढे जरूर करावे. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक व आधार शेजारी ठेवून नावाचे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत जपून ठेवावी. सध्याच्या नियमांप्रमाणे आधारवरील नाव दोनदा व जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून अर्ज घाईने भरू नये. अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होते. ते खाते कोणते याची चौकशी करावी. ओटीपी कोणालाही सांगू नये आणि झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते लिहावे. शंका असल्यास १९४७ या क्रमांकावर फोन करावा.

त्या आजींचे काम अखेर झाले. बँकेत राजपत्राची प्रत दिली, बोटाऐवजी डोळ्याची ओळख घेतली आणि अडलेली पेन्शन सुरू झाली. यासाठी ना वशिला लागला, ना पैसा. लागली ती फक्त माहिती, आणि सोबत जाणारा एक शिकलेला माणूस. आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एका घरासाठी तो माणूस व्हावे, एवढीच विनंती.