रानडुकरांचे रोग : जर्मनीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

10 सप्टेंबर 2020 रोजी जर्मनीच्या तत्कालीन कृषिमंत्री युलिया क्लोक्नर यांनी जाहीर केले, की पोलंडच्या सीमेलगत ब्रांडेनबुर्ग राज्यात मेलेल्या एका रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू सापडला आहे. चीनने लगोलग जर्मन डुक्करमांसाची आयात थांबवली. रोग पुढे इतर राज्यांतही पोहोचला आणि त्याच्यासोबत अफवाही पसरल्या. शिक्षण-नोकरीसाठी तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तरी यातले खरेखोटे नीट समजून घ्यायला हवे.

गैरसमज : हा स्वाइन फ्लूच, माणसालाही होतो.

वस्तुस्थिती : 2009 मध्ये पुण्याने स्वाइन फ्लूचा धसका घेतला होता, त्यामुळे ही गल्लत सहज होते. पण तो इन्फ्लुएन्झा होता आणि माणसाकडून माणसाकडे पसरत होता. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू अगदी वेगळ्या कुळातला आहे. तो फक्त डुकरांच्या जातीला होतो. माणूस, गाय, शेळी, कुत्रा यांना होत नाही. डुकरांसाठी मात्र तो काळ आहे. लागण झालेली बहुतेक डुकरे काही दिवसांत मरतात. युरोपीय संघात त्यावर मान्यताप्राप्त लस नाही.

गैरसमज : माणसाला होत नाही, मग आपला काय संबंध?

वस्तुस्थिती : रोग दूरवर नेतो तो बहुधा माणूसच. 15 जून 2024 रोजी हेसेन राज्यातल्या ग्रोस-गेराऊ जिल्ह्यात बाधित रानडुक्कर सापडले. पूर्वेकडचा बाधित पट्टा तिथून शेकडो किलोमीटर दूर होता. एवढे अंतर रानडुक्कर एका दमात कापत नाही. हा विषाणू सलामीत, कच्च्या हॅममध्ये महिनोन् महिने टिकतो. हायवेच्या थांब्यावर कुणी अर्धे सँडविच फेकले आणि ते रानडुकराने खाल्ले, तर तेवढे पुरते. चिखलाचे बूट, गाडीची चाके, शिकारीची अवजारे यांतूनही तो पसरतो. त्याच वर्षी जुलैत हेसेनमधल्या पाळीव डुकरांनाही लागण झाली. अशा वेळी गोठ्यातली सगळी डुकरे मारावी लागतात.

गैरसमज : जनावर धष्टपुष्ट असेल तर मांस निर्धोक.

वस्तुस्थिती : माणसाला खरा धोका ज्या रोगांचा, ते डुकराच्या अंगावर दिसतच नाहीत. ट्रिकिनेला हा सूक्ष्म कृमी स्नायूंत दडून बसतो आणि डुक्कर ठणठणीत दिसते. तसले मांस कच्चे खाल्ले, की माणसाला आधी पोटाचा त्रास, मग ताप, अंगदुखी आणि डोळ्यांभोवती सूज येते. 1865 मध्ये हेडर्सलेबेन या गावात कच्च्या डुक्करमांसामुळे 337 लोक आजारी पडले. त्यांपैकी 101 दगावले. जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखोव यांनी सक्तीच्या मांसतपासणीचा आग्रह धरला तो त्याच काळात. आज शिकाऱ्याने घरी खाण्यासाठी मारलेल्या रानडुकराचीही तपासणी बंधनकारक आहे. छाती-पोटामधल्या पडद्याचा आणि पुढच्या पायाच्या स्नायूचा तुकडा घेतात, तो पेप्सिन आणि आम्लात विरघळवतात आणि खाली बसलेल्या गाळात वेटोळे घातलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात.

गैरसमज : धुरी, मीठ किंवा फ्रीझर सगळे जंतू मारतो.

वस्तुस्थिती : रानटी प्राण्यांतल्या ट्रिकिनेलाच्या काही जाती गोठवूनही जगतात. हेपटायटिस ई या विषाणूलाही गोठवण्याने फरक पडत नाही. आपल्याकडे ही कावीळ दूषित पाण्यातून होते; जर्मनीतला प्रकार मुख्यतः अर्धकच्च्या डुकराच्या आणि रानडुकराच्या मांसातून, विशेषतः यकृतातून येतो. तिथे दरवर्षी हजारो रुग्णांची नोंद होते. बऱ्याच जणांना तो सौम्य असतो, पण अवयव बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांच्या यकृताला तो कायमची इजा करू शकतो. उपाय एकच : मांस आतपर्यंत 70 अंश सेल्सियसला किमान दोन मिनिटे शिजले पाहिजे.

गैरसमज : कच्चे तुकडे कुत्र्याला घातले तर काय बिघडते?

वस्तुस्थिती : जर्मनीतली पाळीव डुकरे 2003 पासून औयेस्की रोगातून मुक्त आहेत; रानडुकरांत मात्र तो अजून आहे. माणसाला त्याचा धोका नाही. कुत्र्याला किंवा गाईला झाला, तर अंग ओरबाडून काढावे अशी खाज सुटते आणि जनावर काही दिवसांत मरते. त्यावर उपचार नाही. म्हणून रानडुकराचे कच्चे मांस किंवा आतडी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

थोडक्यात, डुकरांना मारणारा आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही आणि माणसाला बाधणारे रोग डुकराच्या अंगावर दिसत नाहीत. म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता तपासणीवर आणि चुलीवर ठेवा. उरलेले खाणे झाकणाच्या कचरापेटीतच टाका. भारतातून येताना सामानात मांसाचे पदार्थ आणू नका. तसा कायदाच आहे. जंगलात मेलेले रानडुक्कर दिसले तर हात न लावता, कुत्र्याला जवळ फिरकू न देता जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयाला ताबडतोब कळवा.