दारू सोडायची आहे? घरबसल्या मदत मिळते

कापसाची पहिली वेचणी होऊन पैसे हाती आले की आपल्या काही घरांत आनंदाऐवजी धास्ती शिरते. बाप बाजारातून केव्हा आणि कोणत्या अवस्थेत परतेल, याकडे मुलांचे कान लागतात. गुजरात राज्य १९६० साली झाले, तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. तरीही वडोदऱ्याच्या आसपासच्या गावांना हे दृश्य नवे नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

पिणे हाच गुन्हा असल्यामुळे पिणारा आपला आजार लपवतो. दवाखान्यात गेलो तर बोभाटा होईल, अशी त्याला भीती वाटते. शिवाय चोरून मिळणाऱ्या दारूचा भरवसा नाही. १९८९ साली वडोदऱ्यात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसहून अधिक. अशा दारूतील मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते. त्याने दृष्टी जाते आणि जीवही जातो.

लाजेपायी घरात बसलेल्या माणसासाठी मोबाइल उपयोगी पडतो. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसरात्र, विनामूल्य आणि आपल्या भाषेत समुपदेशकाशी बोलता येते. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या मंडळींच्या सभा २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर मोठ्या प्रमाणात भरू लागल्या. तेथे आडनाव विचारत नाहीत, फी घेत नाहीत. दारू सोडलेला माणूसच सोडू पाहणाऱ्याला हात देतो.

नुसत्या बोलण्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूच्या आहारी गेलेल्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. फार तर चार बैठकी झाल्या, त्याही समोरासमोर. तीन महिन्यांनंतर पाहिले, तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के लोकांनी आधीच्या चौदा दिवसांत थेंबही घेतला नव्हता. इतरांत हे प्रमाण १८ टक्के होते. फोनवर बोलणारा समुपदेशकही याच वाटेने जातो. किती पितो, केव्हा पितो, कोणाबरोबर पितो हे तो विचारतो. मित्राने आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे, तलफ आली तर तो अर्धा तास कसा काढायचा, हे शिकवतो.

मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकाएकी दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम, फिट येणे, भास होणे ही लक्षणे पहिल्या दोन-चार दिवसांत दिसू शकतात आणि ती जिवावर बेततात. अशा वेळी फोनवरचा सल्ला पुरत नाही. १०८ ला फोन करावा, सयाजीराव रुग्णालय गाठावे. पुढील उपचारांसाठी कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे.

२. दारू प्यायल्यावर डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी निघावे.

३. माणूस शुद्धीत असताना, सकाळी, त्याच्याशी बोलावे. प्यालेल्याशी वाद घालू नये.

४. तो तयार नसेल, तर पत्नीने किंवा मुलाने स्वतः फोन करावा. घरच्यांनाही सल्ला मिळतो.

५. वेचणीचे पैसे थेट बँकेत जमा करून घ्यावेत. त्या दिवशी खिसा रिकामा असलेला बरा.

एकदा घसरला म्हणून सारे संपले असे मानू नये. कापूस तरी एका वेचणीत कुठे घरी येतो? डब्लिनचा हमाल मॅट टॅल्बट याने १८८४ साली प्रथम तीनच महिन्यांची शपथ घेतली, मग सहा महिन्यांची, आणि शेवटी जन्माची. १९२५ साली मरेपर्यंत ती त्याने पाळली. दररोजची मिस्सा हा त्याचा आधार होता. १९७५ साली पवित्र सभेने त्याला ‘आदरणीय’ ही पदवी दिली.

आपल्या धर्मग्रामात असा एखादा भाऊ असेल, तर त्याची निंदा करण्याऐवजी त्याला १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा, आणि तो फोन करीत असताना शेजारी बसावे, एवढीच आमची विनंती.