तात्या टोपेंचा ‘लढतानाचा फोटो’

१८ एप्रिल जवळ आला की येवल्या-नाशिककडच्या मोबाइलवर एक चित्र फिरू लागतं. उधळलेला घोडा, उपसलेली तलवार, खाली ओळ: तात्या टोपेंचा लढतानाचा मूळ फोटो. तात्या जन्माने येवल्याचे, त्यामुळे आपल्याला ते पटकन पटतंही. पण असा फोटो १८५७च्या उठावात निघूच शकत नव्हता.

कुणी म्हणेल, तेव्हा कॅमेरेच कुठे होते? होते की! मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. अडचण होती वेगाची. छायाचित्रकार रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला, तो दारूविक्रेत्याची जुनी घोडागाडी डार्करूम करून. काचेवर कलोडियन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच गाडीत शिरून धुवायची. भिंग काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात घोड्याने मान झटकली की काचेवर नुसता धूसर डाग. म्हणून फेंटनच्या साडेतीनशेच्या आसपास फोटोंत छावण्या आहेत, तोफा आहेत, ऐटीत बसलेले अधिकारी आहेत. चकमक एकही नाही.

बरं, फेंटनला पहिला युद्धछायाचित्रकार म्हणतात, तेही खरं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतला डॉक्टर जॉन मॅककॉश १८४८-४९च्या शीख युद्धातच फोटो काढत होता.

‘फोटो आहे म्हणजे तसंच घडलं’ हा गैरसमज मात्र मला सगळ्यांत घातक वाटतो. लखनौच्या सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ला सुमारे २००० बंडवाले शिपाई मारले गेले. छायाचित्रकार फेलिचे बिआटो तिथे पोचला काही महिन्यांनी, १८५८ मध्ये. त्याच्या प्रसिद्ध फोटोत फुटक्या कमानींपुढे अंगणभर हाडं पसरलेली दिसतात, मागे माणसं आणि एक घोडा स्तब्ध उभे. झाकलेले अवशेष त्याने फोटोसाठी पुन्हा उघडे करायला लावले, असं सर जॉर्ज कॅम्बेल या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आठवणींत आहे. म्हणजे संहार खरा, मांडणी कॅमेऱ्यासाठी.

तात्यांना शिवपुरीत फाशी दिली ती १८ एप्रिल १८५९ला. यंदा ते घोड्यावरचं चित्र आलं तर खुशाल पुढे पाठवा, फक्त ‘मूळ फोटो’ हे दोन शब्द तेवढे खोडा.