बाहेरून आलेल्या बाई

रयत शिक्षण संस्थेत शिक्षकांच्या बदल्या चालूच असतात. त्यामुळे घाटावरचे गुरुजी आणि जासईची आगरी पोरं ही गाठ आपल्याकडे जुनीच. नव्या गुरुजींना आधी गावाची बोली कळायला हवी, मग फळ्यावरचं गणित.

१९६३ साली जमैकाहून लंडनला गेलेल्या इव्होन कोनोली यांना बोलीची अडचण नव्हती, रंगाची होती. १९६९मध्ये त्या रिंग क्रॉस प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला मुख्याध्यापिका. शाळा जाळून टाकू, अशी धमकी आली. बाईंना सोबत देऊन शाळेत पोहोचवावं लागलं.

आपल्याकडे या वाटेवर ताराबाई मोडक जवळजवळ अर्धशतक आधी निघाल्या होत्या. १८९२ साली मुंबईत जन्म, प्रार्थना समाजी घर, १९१४ला बी.ए. पुढे संसार मोडला. पदरात मुलगी होती. त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या पहिल्या भारतीय प्राचार्या झाल्या. परका प्रांत, परकी भाषा, एकटी बाई आणि वर साहेबी खुर्ची! एवढ्यावर कुणीही समाधानाने निवृत्त झालं असतं. ताराबाईंनी ती खुर्ची सोडली आणि भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. माझ्या मते त्यांचं मोठेपण पहिलं पद मिळवण्यापेक्षा ते सोडण्यात आहे.

पुढे मुंबईत बालशिक्षणाचं काम, मग १९४५ला बोर्डी. सोबत अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण वारली पाड्यांवरची मुलं तिथवर येईनात. मग बाईच पाड्यावर गेल्या आणि अंगणात शाळा भरवू लागल्या. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, चिंचोके, पानं, खडे हीच साधनं झाली. मोठी मुलगी शाळेत येत नव्हती, कारण कडेवर धाकटं भावंड. तिला रागे भरून काय होणार? म्हणून कोसबाडच्या टेकडीवर १९५७नंतर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. धाकटं पाळण्यात गेलं की थोरलीला पाटी धरायला हात मोकळे. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरे.

१९६२ला ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ला त्या गेल्या. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते, तिचं मूळ त्या पाड्यांवरच्या अंगणात आहे.

भातखाचरं आणि मिठागरांचा आपला पट्टा सिडकोने घेतला, बंदर आलं, आता जासई-उलव्याच्या बाजूला टॉवर उभे राहताहेत. ते बांधणारे मजूर परप्रांतातले. त्यांची थोरली मुलगी आजही धाकट्याला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगापाशी बसलेली दिसते. पन्नासहून अधिक स्त्रिया जिथे कामाला असतील, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असा दंडक बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्याने घालून दिला होता. आपल्या शेजारच्या साईटवर ती खोली आहे का, एवढं ठेकेदाराला या दिवाळीत विचारा. नसेल तर ग्रामपंचायतीला अर्ज द्या.