एल्फांचे देणे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाला 2024 साली 50 वर्षे पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी निघालेल्या नव्या 'प्लेयर्स हँडबुक'ने ड्राउ जातीच्या एल्फांवरचे सूर्यप्रकाशाचे कलम रद्द केले. पिढ्यानपिढ्या भूगर्भात राहिलेल्या या एल्फांना भर उन्हात वार करताना वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून त्यांतला हलका आकडा पत्करावा लागे; जन्मजात जादूची आणि काळोखात 120 फुटांपर्यंत पोचणाऱ्या दृष्टीची ती रोख किंमत होती. आता जादू राहिली, दृष्टी राहिली, किंमत तेवढी माफ झाली. हा निर्णय मला इतका झोंबला, की बलाढ्य एल्फांना इतरांच्या पंक्तीत बसवण्याच्या अर्धशतकाच्या खटपटीचे दप्तर पुन्हा उघडल्यावाचून राहवले नाही.

आरंभीची वर्षे थोडक्यात आटोपतो. 1974 साली खेळाचे कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी एल्फाला योद्धा व मांत्रिक ही दोन्ही पदे बहाल केली, पण पहिल्यात चौथ्या आणि दुसऱ्यात आठव्या पातळीवर त्याची बढती रोखली. 1981 च्या 'बेसिक' संचात एल्फ हाच स्वतंत्र पेशा ठरला, आणि दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला 2000 अनुभवगुण पुरत, तेथे त्याला 4000 मिळवावे लागत. जगाची सूत्रे माणसाच्याच हाती राहावीत, असा गायगॅक्सचा आग्रह होता, आणि तो मला आजही मान्य आहे.

माझे स्वतःचे दशक 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सुरू होते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावी शनिवारच्या रात्री आम्ही मंडळी एका मेजाभोवती जमत असू. त्या आवृत्तीत एल्फ मांत्रिकाला पंधराव्या आणि एल्फ योद्ध्याला बाराव्या पातळीची मर्यादा होती, माणसाला कोणतीच नव्हती; परंतु पंधरावी पातळी येण्याच्या कितीतरी आधी कोणाची पदवी पूर्ण होई, कोणाला दूरच्या शहरी नोकरी लागे आणि मोहीम मोडे, म्हणजे ही मर्यादा मुदत भरण्यापूर्वीच पेढी बुडावी तशी हुंडी होती. त्यातच 1992 साली 'द कम्प्लीट बुक ऑफ एल्व्ज' आले. या पुस्तकाशी माझे भांडण जुने आहे आणि ते मिटवण्याची मला इच्छा नाही. त्यातला 'ब्लेडसिंगर' एका हाताने तलवार चालवी आणि दुसऱ्या हाताने मंत्र टाकी; मोबदल्यात त्याने ढाल वापरायची नाही आणि कोणताही एल्फ संकटात दिसला की प्राणांची पर्वा न करता धावून जायचे, एवढीच अट. आमच्या मोहिमेत दुसरा एल्फच नव्हता, तेव्हा धावून जाणार कोणासाठी? माणूस-योद्धा खेळणारा आमचा मित्र आपली पाळी आली की एक फासा टाकी, आकडा सांगे आणि ब्लेडसिंगरचे वार, मंत्र, पवित्रे संपेपर्यंत पेन्सिलीचे टोक कोरत बसे. पुढे पुढे त्याने आकडा सांगतानाही मान वर करणे सोडले.

तरीही खरा समतोल मी त्याच दशकात पाहिला. एका गुहेत विषाने तो ब्लेडसिंगर मेला. आमच्या पुरोहिताजवळ 'रेझ डेड' हा मंत्र तयार होता; त्याने पुस्तक उघडले, आणि ज्यांना उठवता येते त्यांच्या यादीत माणूस, ड्वार्फ, अर्ध-एल्फ सारे असून एल्फ मात्र नाही, हे मोठ्याने वाचून दाखवले. शतकानुशतके जगणाऱ्याचा मृत्यू माणसाच्या मृत्यूहून महाग असतो, हे त्या यादीने जितके पटवले, तितके पातळ्यांच्या साऱ्या कोष्टकांना कधी जमले नाही. त्यानंतरच्या सगळ्या लढायांत जो कोणी एल्फ खेळे तो सावधपणे पाऊल टाकी आणि पेन्सिलवाला मित्र सर्वांच्या पुढे असे.

पुढची वर्षे मला नीरस वाटतात. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने मर्यादा उठवून माणसाला एक जादा 'फीट', म्हणजे खास कौशल्य, दिले. ड्राउवर दोन पातळ्यांचे ओझे लादले, जे प्रामाणिक असले तरी इतके जड होते, की तो सोबत्यांच्या मागेच रखडे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत एल्फांतून एलाड्रिन वेगळे निघाले आणि दर चकमकीत एकदा पाच चौकटी अंतर्धान पावून पुढे प्रकटू लागले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मात्र सूर्याचे कलम नेमके मांडले होते: ड्राउ रात्री भारी, दिवसा लाचार, आणि मोहीम केव्हा निघावी यावर मेजाभोवती खरी खलबते होत. मग 2020 मध्ये जातीबरोबर येणारे गुण हवे तिकडे वळवण्याची मुभा मिळाली आणि 2024 मध्ये ते जातीकडून काढून पूर्वायुष्याच्या खाती वर्ग झाले, तेव्हा एल्फाची जन्मजात चपळाईही गेली. कोणाचे काही उणे नको, या धोरणात एल्फाचे एल्फपणच उणे झाले.

माझ्या मेजावर 2014 चे कलम अजून जारी आहे. ड्राउ घेऊन येणाऱ्याला मी ते आधी वाचून दाखवतो; ज्याला ते मंजूर नसेल त्याने माणूस खेळावा.